प्रबंध गेले आठ महिने ‘जवळजवळ तयार’ आहे

अर्धविराम
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

माझा पीएचडीचा प्रबंध गेले आठ महिने ‘जवळजवळ तयार’ आहे. विषय समाजशास्त्रातला, मुलाखतींवर आधारलेला. सहा प्रकरणं, परिशिष्टं धरून ३१० पानं. गाईडांनी सगळं दोनदा वाचलंय. एक मुदतवाढ घेऊन झाली, दुसरी संपायला साडेतीन महिने आहेत. मी रोज फाइल उघडते, दुसऱ्या प्रकरणातल्या एखाद्या परिच्छेदाची वाक्यं मागेपुढे करते, एखादा संदर्भ वाढवते आणि फाइल बंद करते. काल एक वाक्य दुरुस्त केल्यावर लक्षात आलं की ते मार्चमध्ये जसं होतं तसंच पुन्हा झालंय.

ज्यांनी प्रबंध सादर केलाय त्यांना एकच विचारायचंय. ‘आता पुरे’ हे तुम्हाला कशावरून कळलं?

चष्मेबहाद्दर
कळलं नाही. मुदत संपली. (विनोद नाही.)

टाचण
वर चष्मेबहाद्दर म्हणतात त्याला +१.

माझ्या बाबतीत शिष्यवृत्ती आधी संपली, मग मुदत, मग गाईडांचा संयम. या क्रमातली तिसरी गोष्ट संपली तेव्हा मी सादर केला.

दगडफूल
सादर झालेला प्रबंध हाच चांगला प्रबंध. द्या आणि मोकळ्या व्हा.

खडूफळा
अर्धविराम, मी तीस वर्षं शिकवलं आणि मार्गदर्शनही केलं, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट, पुस्तक आणि प्रबंध यांत गल्लत नको. प्रबंध एक प्रश्न घेतो, तो कसा सोडवला ते दाखवतो आणि दोन-तीन परीक्षकांना पटवतो की या माणसाला आता एकट्याने संशोधन करता येईल. बस. विषयातलं अखेरचं वाक्य लिहायची जबाबदारी तुमच्यावर नाही. पानांचंही काही खरं नसतं. गणितज्ञ जॉन नॅशचा प्रिन्स्टनचा १९५० चा प्रबंध तिशीच्या आतल्या पानांचा आहे. आइन्स्टाइनचा १९०५ चा झुरिकचा प्रबंधही तसाच बारका. त्यावर तो स्वतः एक किस्सा सांगायचा: प्रबंध फार तोकडा आहे म्हणून परत आला, मग मी एक वाक्य वाढवून दिला आणि मंजूर झाला. किस्सा त्यानेच सांगितलेला, तेव्हा थोडं मीठमसाला धरून चाला.

दुसरं, माझ्या विद्यार्थ्यांत सर्वांत जास्त रखडले ते हुशारच होते. मठ्ठ विद्यार्थ्याला आपल्या प्रबंधातली भोकं दिसत नाहीत, तो वेळेत देतो.

चष्मेबहाद्दर
खडूफळाकाका, मी वेळेत दिला होता हो :(

खडूफळा
अपवाद असतात :)

शून्य_प्रहर
दगडफूल यांच्याशी असहमत. ‘द्या आणि मोकळ्या व्हा’ हे ऐकायला बरं वाटतं. मी दिला. मोकळा झालो नाही.

माझं क्षेत्र पदार्थविज्ञान, विद्यापीठ ब्रिटनमधलं. तिथे तोंडी परीक्षा बंद दाराआड होते. एक बाहेरचा परीक्षक, एक आतला आणि तुम्ही. घाईत दिलेल्या शेवटच्या प्रकरणावर बाहेरचे परीक्षक पावणेदोन तास बसले. निकाल: मोठ्या दुरुस्त्या. त्या करायला दहा महिने गेले, आणि ते सगळे नवी नोकरी सांभाळून, रात्री. आधी सहा आठवडे थांबलो असतो तर हे टळलं असतं. तेव्हा ‘कधी द्यावा’ हा प्रश्न फुटकळ नाही.

मात्र वाक्यं मागेपुढे करणं म्हणजे थांबणं नव्हे, ते नुसतं घुटमळणं.

दगडफूल
मान्य. पण तुम्ही आज डॉक्टर आहातच ना? तोच माझा मुद्दा होता.

कानामात्रा
थोडं अवांतर, पण मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांना उपयोगी पडेल.

माझा प्रबंध मराठीत, भाषाशास्त्रावर. पहिली तीन प्रकरणं टंकलेखकाकडून करून घेतली, ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये. पुढची तीन मी स्वतः युनिकोडमध्ये लिहिली. सादर करायच्या महिन्यात सगळं एकत्र केलं आणि आभाळ कोसळलं. रूपांतर करणाऱ्या प्रणालीने रफार भलत्याच अक्षरावर ठेवले, पहिली वेलांटी एक घर सरकली, ‘श्र’ आणि ‘त्र’ची अदलाबदल झाली. १४० पानं ओळन् ओळ वाचून काढली. साम्यतपासणीचा (मजकूर कुठून उचललाय का ते पाहणारा) अहवाल आला त्यात पहिल्या तीन प्रकरणांत शून्य टक्के साम्य! मी खूश. ग्रंथपाल म्हणाले, खूश होऊ नका, जुन्या फाँटमधला मजकूर यंत्राला मराठी म्हणून वाचताच येत नाही, तुम्ही चुकून पहिलीच फाइल पाठवलीत.

तात्पर्य, पहिल्या दिवसापासून युनिकोड. आणि पीडीएफ करताना फाँट आत समाविष्ट करा, नाहीतर परीक्षकाच्या संगणकावर चौकोन दिसतात.

रातकिडा
‘परिशिष्ट क’ मध्ये रफारांची शोकसभा भरवायला हवी होती.

वळचण
साम्याचा विषय निघालाच आहे तर: यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही. १० ते ४० असेल तर सुधारून पुन्हा द्यायचा, ४० ते ६० ला एक वर्ष सुधारित प्रबंध देता येत नाही, ६० च्या वर नोंदणीच रद्द. संदर्भसूची, ऋणनिर्देश आणि श्रेय देऊन अवतरणात घेतलेला मजकूर यातून वगळतात. लोक आकडा पाहून घाबरतात, अहवाल उघडून बघत नाहीत. माझा २३ टक्के आला होता. त्यातले १६ माझ्याच दोन शोधनिबंधांचे निघाले.

आता मूळ प्रश्न. परत आलेल्या प्रबंधाची इतकी धास्ती का? डॉ. आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध लंडन विद्यापीठाला सादर केला. परीक्षकांनी तो आहे तसा स्वीकारला नाही. सुधारून ऑगस्ट १९२३ मध्ये पुन्हा दिला आणि त्याच वर्षी डी.एस्सी. मिळाली. कोलंबिया विद्यापीठाची गोष्ट तर अजून बोलकी आहे. तिथला प्रबंध १९१७ मध्येच मान्य झाला होता, पण पदवीसाठी त्याच्या छापील प्रती द्याव्या लागत. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचं ते पुस्तक १९२५ मध्ये निघालं, पीएचडी रीतसर १९२७ मध्ये मिळाली. म्हणजे लिहून झालं, मान्य झालं, आणि तरी ‘दाखल करणं’ बाकीच होतं.

टाचण
वळचण, छान माहिती. अर्धविराम, यावरून आपल्यालाही दहा वर्षं मिळतील असा अर्थ काढू नये :)

सांजवेळ
ब्रायन मे याला मिळाली की! क्वीनचा गिटारवादक. १९७० मध्ये इम्पीरियल कॉलेजात सूर्यमालेतल्या धुळीवर संशोधन सुरू केलं, बँड जोरात चालला म्हणून सोडलं, आणि प्रबंध सादर केला २००७ मध्ये. नशीब, मधल्या काळात धूळ तिथेच होती.

चष्मेबहाद्दर
माझ्या प्रबंधावरही बऱ्यापैकी धूळ आहे. संशोधनाला पात्र.

सांजवेळ
आता गंभीर. मी नेदरलँड्समध्ये केलं. तिथे प्रबंध आधी समिती मान्य करते, मग पुस्तकासारखा छापून होतो आणि त्यानंतर जाहीर बचाव. म्हणजे त्या दिवशी नापास व्हायची भीती जवळजवळ नसते, पण समोर आईवडील, मित्र, सहकारी बसलेले असतात. बरोबर ४५ मिनिटं झाली की दंडधारी अधिकारी आत येऊन ‘होरा एस्ट’ म्हणतो, म्हणजे वेळ झाली. वाक्य अर्धवट असलं तरी तिथेच थांबायचं. मी एका अवघड प्रश्नाच्या उत्तरात गटांगळ्या खात होते तेव्हा तो आला. इतकं गोड लॅटिन मी आजवर ऐकलेलं नाही.

अर्धविराम, तुम्हालाही कुणीतरी काठी आपटून ‘होरा एस्ट’ म्हणायला हवंय एवढंच.

अर्धविराम
सगळ्यांचे आभार. इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. खडूफळा सर, तुमचं पुस्तक आणि प्रबंधाबद्दलचं वाक्य लिहून भिंतीवर लावलंय.

आजही फाइल उघडली. दुसऱ्या प्रकरणाच्या तिसऱ्या भागाचा क्रम बदलला. आता जरा बरा वाटतोय.

शून्य_प्रहर
हरे राम.

रातकिडा
मी पीएचडी नाही. एका प्रकाशनात मुद्रितशोधन करतो, तेव्हा लहान तोंडी मोठा घास.

लेखक परत परत एकाच पानाशी जातो तेव्हा बहुधा त्या पानाच्या भाषेत काही बिघडलेलं नसतं. अर्धविराम, तुम्ही सहा प्रकरणं आहेत म्हणालात. धाग्यात दोनदा लिहिलंत, दोन्ही वेळा दुसरंच प्रकरण. त्यात काय आहे?

अर्धविराम
संशोधनपद्धती.

रातकिडा
आणि तिसऱ्या भागात?

टाचण
(बसायला जागा करून घेतोय.)

अर्धविराम
दोन दिवस उत्तर द्यावं की नाही या विचारात होते. टोपणनाव आहे म्हणून लिहिते.

तिसऱ्या भागात असं वाक्य आहे: ‘सर्व ५८ मुलाखतींचे ध्वनिमुद्रण करून शब्दशः शब्दांकन केले.’ हे खरं नाही. ४९ मुलाखतींचं आहे. उरलेल्या नऊ मुलाखतींची ध्वनिमुद्रणं हार्ड डिस्कबरोबर गेली, दुसरी प्रत केलेली नव्हती. माझ्याकडे त्या त्या दिवशी रात्री वहीत लिहिलेली टिपणं आहेत, बऱ्यापैकी सविस्तर. तेव्हा वाटलं, टिपणं आहेत, चालेल. ते वाक्य मी त्याच्याही आधी, आराखड्यात लिहिलेलं होतं, ते तसंच पुढे येत राहिलं. गाईडांना माहीत नाही.

आणि चौथ्या प्रकरणात या नऊ जणांची काही विधानं मी अवतरणचिन्हांत दिली आहेत.

दगडफूल
अरे बापरे. मी ‘द्या आणि मोकळ्या व्हा’ मागे घेतो.

वळचण
कडू बोलतो, राग मानू नका. ध्वनिमुद्रण हरवणं ही अडचण आहे. ‘सर्व ५८’ हे खोटं विधान आहे. आणि वहीतल्या टिपणावरून रचलेलं वाक्य अवतरणचिन्हांत घालणं हे सर्वांत गंभीर, कारण ते शब्द त्या माणसाचे नाहीत, तुमच्या आठवणीचे आहेत. आठ महिने तुमचा हात अडतोय तो बरोबरच अडतोय.

कानामात्रा
वळचण, जरा सबुरीने. त्यांनी स्वतःहून सांगितलंय, कुणी पकडलेलं नाही.

वळचण
म्हणूनच सरळ बोललो. पकडलं गेल्यावर बोलून उपयोग नसतो.

खडूफळा
वळचण यांचं निदान बरोबर आहे, सूर मी असता तर थोडा खाली ठेवला असता. अर्धविराम, आता नीट ऐका. हे दुरुस्त होणारं आहे, आणि साडेतीन महिन्यांत आरामात होणारं आहे.

मानववंशशास्त्रात पिढ्यान् पिढ्या टिपणांवर काम झालं आहे. टिपण हे दुय्यम साधन आहे, बेकायदा नव्हे. अट एकच, टिपणाला टिपण म्हणायचं. आधी त्या नऊ मुलाखती प्रबंधात कुठे कुठे येतात त्याची यादी करा. अवतरणचिन्हं काढा, आशय तुमच्या शब्दांत द्या आणि तिथेच ‘टिपणावरून’ असं लिहा. त्यानंतरचं काम महत्त्वाचं आणि कंटाळवाणं आहे: त्या नऊ बाजूला ठेवून उरलेल्या ४९ वर तुमचे निष्कर्ष उभे राहतात का ते तपासा. राहिले तर तसं लिहा. एखादा नाही राहिला तर तो काढा. ‘सर्व ५८’च्या जागी नेमकं काय घडलं ते लिहा, डिस्कसकट.

मात्र हे सगळं सुरू करायच्या आधी गाईडांना सांगा. मी त्यांच्या जागी असतो तर मला राग आला असता, अर्धा दिवस. तोंडी परीक्षेत परीक्षकाच्या तोंडून कळलं असतं तर मात्र तो राग जन्मभर गेला नसता.

शून्य_प्रहर
आइन्स्टाइनच्या त्याच बारक्या प्रबंधाबद्दल काकांनी एक गोष्ट सांगितली नाही. त्यात गणिताची चूक होती. परीक्षकांच्या लक्षात आली नाही, प्रबंध मंजूर झाला. पुढे पॅरिसला पेरँ या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत घेतलेली मापं आइन्स्टाइनच्या सूत्राशी जुळेनात. तेव्हा त्याने लुडविग हॉप्फ नावाच्या आपल्या सहकाऱ्याला आकडेमोड पुन्हा तपासायला सांगितली, चूक सापडली आणि १९११ मध्ये दुरुस्ती छापून आली. पदवी गेली नाही.

अर्थात ती चूक नकळत झालेली होती. तुमची आता नकळत राहिलेली नाही. तुमच्या हातात अजून प्रबंध आहे, ही तुमची जमेची बाजू.

सांजवेळ
माझ्या परीक्षकांनी ‘अभ्यासाच्या मर्यादा’ हे दोन पानी टिपण वाचूनच पहिला प्रश्न विचारला होता. मी तिथे स्वतः लिहिलेल्या गोष्टींवर बोलत होते, त्यामुळे पहिली पंधरा मिनिटं माझ्या मैदानावर गेली. प्रामाणिकपणाचा असा व्यावहारिक फायदाही असतो.

चष्मेबहाद्दर
मी मर्यादांचं प्रकरण कॉलेजच्या सिनियरकडून उचललं होतं. त्याच्या मर्यादा माझ्या नावावर जमा आहेत.

रातकिडा
अर्धविराम, सांगितलंत हे बरं केलंत. पुढे काय झालं ते सवडीने लिहा. नाही लिहिलंत तरी चालेल.

टाचण
धागा वर काढतो. सात आठवडे झाले. अर्धविराम, आहात का?

मधल्या वेळात माझ्या चुलत बहिणीने सादर केला, तिचा अनुभव देतो. सगळं तयार, बांधणी झाली, सोनेरी अक्षरं उमटली. कार्यालयात कळलं की मुखपृष्ठावरचं शीर्षक नोंदणीपत्रातल्या शीर्षकाशी जुळत नाही. एका ठिकाणी ‘एक’ जास्त. ‘एक चिकित्सक अभ्यास’ आणि ‘चिकित्सक अभ्यास’! पाचही प्रती परत. तेव्हा बांधणीला टाकण्याआधी मंजुरीचं पत्र समोर ठेवून शीर्षक अक्षर अक्षर लावून बघा. ना-हरकत दाखलेही आधीच गोळा करा. तिच्या नावावर ग्रंथालयाचं एक पुस्तक निघालं जे तिने कधी पाहिलंही नव्हतं.

कानामात्रा
आणि डाव्या बाजूला समास जास्त सोडा. बांधणीत अर्धा इंच सहज जातो, आणि तक्त्यांचा पहिला स्तंभ तिथेच असतो.

अर्धविराम
आहे, आहे. टाचण, आठवणीबद्दल आभार. सविस्तर लिहिते.

काकांचा प्रतिसाद वाचल्यावर चार दिवसांनी गाईडांना सांगितलं. मॅडम काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, “वह्या आहेत?” आहेत म्हटल्यावर म्हणाल्या, “उद्या सगळ्या घेऊन ये.” दुसऱ्या दिवशी आम्ही साडेचार तास बसलो. त्यांनी प्रत्येक टिपणावर तारीख आहे का ते पाहिलं. आठांवर होती, एकावर नव्हती. ती मुलाखत पूर्णच काढून टाकली. आता प्रबंधात ५७ मुलाखती आहेत: ४९ ध्वनिमुद्रित, ८ टिपणांवर आधारित.

अवतरणं मोजली, एकूण अकरा निघाली. मला वाटत होतं चार-पाच असतील. सात ठिकाणी आशय माझ्या शब्दांत लिहिला, चार काढली. फेरतपासणीत तीन निष्कर्ष टिकले, एक नाही टिकला. तो माझा आवडता होता, एका परिषदेत त्यावर टाळ्याही मिळाल्या होत्या. तो खरं तर दोनच माणसांच्या बोलण्यावर उभा होता आणि ती दोघंही त्या नऊ जणांत होती. पाचव्या प्रकरणातली साडेसहा पानं गेली. परिषदेच्या आयोजकांनाही कळवलंय, निबंध छापायला गेलेला नव्हता म्हणून वाचले.

वळचण, राग आला होता. दोन दिवस. आता नाही.

दुसऱ्या प्रकरणातला तिसरा भाग एका दुपारी लिहून झाला, दीड पान. मॅडमनी त्यात फक्त एक स्वल्पविराम घातला.

वळचण
चार दिवसांत सांगितलंत, ते मला जमलं असतं की नाही माहीत नाही. अभिनंदन. सादर कधी?

अर्धविराम
आज सकाळी केला. पोचपावती मिळाली, लिपिकाने शिक्का उलटा मारला, मग त्यावर सुलटा मारला. सगळे विचारतायत मोकळं वाटतंय का. तसं काही नाही, हात शिवशिवतायत. दुपारी सवयीने फाइल उघडली होती.

खडूफळा
उघडू नका. तोंडी परीक्षेच्या दोन आठवडे आधी उघडा. परीक्षकांचे अहवाल यायला महिने लागतात, तोवर दुसरं काहीतरी वाचा. शाब्बास.

सांजवेळ
होरा एस्ट!

दगडफूल
द्या आणि मोकळ्या व्हा हे माझं मत पुन्हा पुढे घेतो.

नवखा_२७
धागा पूर्ण वाचला, फार कामाचा आहे. माझा प्रश्न अगदी फालतू आहे, पण तीन दिवस गेलेत. मला सुरुवातीच्या पानांना रोमन आकडे आणि पहिल्या प्रकरणापासून १ हवाय. वर्डमध्ये एक बदललं की दुसरं बदलतं. परवा सादर करायचाय. कुणी सांगेल का?

अर्धविराम
फालतू नाही, माझेही दोन दिवस गेले होते. पहिल्या प्रकरणाच्या आधीच्या पानाच्या शेवटी ‘सेक्शन ब्रेक, नेक्स्ट पेज’ टाका, साधा पेज ब्रेक नको. मग पहिल्या प्रकरणाच्या पानाच्या तळपट्टीत (फूटरमध्ये) डबल क्लिक करून ‘लिंक टू प्रीव्हियस’ बंद करा. सगळी मेख तिथेच आहे. त्यानंतर ‘फॉरमॅट पेज नंबर्स’मध्ये १ पासून सुरू करा, आणि आधीच्या भागात जाऊन रोमन निवडा. शेवटी अनुक्रमणिका अपडेट करायला विसरू नका.

आणि फाइलची प्रत करून घ्या, दोन ठिकाणी. त्यातली एक दुसऱ्या डिस्कवर.